डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे : ही जोडी पुन्हा रंगमंचावर यावी!

नाटकाचे वेड गाव किती मोठे आहे हे पाहून लागत नाही. मळवलीला नाट्यगृह नाही. भाजे, कार्ला, पाटण, देवले या गावांतही नाही. नाटक पाहायचे तर लोकल धरून चिंचवडला, पिंपरीला नाहीतर थेट पुण्याला जावे लागते. परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवटच्या अंकात एक डोळा रंगमंचावर आणि एक डोळा घड्याळावर ठेवावा लागतो. तरीही मावळातल्या आपल्या वस्त्यांमध्ये जुन्या नाटकांची आठवण काढणारी माणसे भेटतात. कुणी देहूरोडच्या डेपोत नोकरी केली, कुणी पिंपरीच्या कारखान्यात पाळ्या केल्या, कुणी लोणावळ्याच्या बंगल्यांवर माळीकाम केले. पगार झाला की चार मित्र मिळून नाटकाचे तिकीट काढायचे, ही त्या पिढीची हौस होती.

अशा जाणत्या प्रेक्षकांच्या मनात काही जोड्या कायमच्या बसलेल्या असतात. जोडी म्हणजे नायक-नायिकेची नव्हे, तर नट आणि दिग्दर्शक यांची. नट एकटा कितीही मोठा असला तरी त्याच्यातले नेमके काय बाहेर काढायचे, हे ओळखणारा दिग्दर्शक भेटावा लागतो. डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे ही अशीच एक जोडी. या दोघांनी पुन्हा एकदा एका नव्या नाटकासाठी एकत्र यावे, अशी इच्छा बाळगणारे रसिक आजही आहेत. आमचीही तीच इच्छा आहे. ती का आहे आणि ती खरी व्हायची असेल तर आपण काय केले पाहिजे, हे या लेखात मांडायचे आहे.

दोन डॉक्टर, एक नाटक

दोघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ सालचा, पंढरपूरचा. ते बालरोगतज्ज्ञ झाले आणि दौंडला त्यांनी दवाखाना चालवला. मोहन आगाशे यांचा जन्म १९४७ सालचा. ते मनोविकारतज्ज्ञ झाले. दिवसा रुग्ण तपासायचे आणि संध्याकाळी तालमीला उभे राहायचे, अशी ही मंडळी. नाटकावर पोट भरायचे नव्हते, म्हणून नाटकाशी तडजोडही करायची नव्हती.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर यांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंद यांची. घाशीरामच्या भूमिकेत रमेश टिळेकर आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. त्या वेळी आगाशे पंचविशीचे होते.

या नाटकात कापडी पडद्याचे काम माणसांनी केले. पुण्यातले ब्राह्मण एका रांगेत उभे राहतात, गातात, डुलतात. हीच रांग कधी भिंत होते, कधी दार होते, तर कधी पलीकडे चाललेला अनाचार झाकून टाकते. या माणसांच्या भिंतीआड नाना फडणवीस वावरतो. परगावाहून आलेल्या घाशीरामावर चोरीचा आळ येतो, त्याचा छळ होतो. सूडाने पेटलेला घाशीराम स्वतःची मुलगी नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो आणि शहराला छळू लागतो. काम संपल्यावर सत्ता त्यालाच जमावाच्या तोंडी देते. नाना मात्र सुखरूप राहतो.

पेशवाई म्हटले की आपल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आपल्या आजा-पणजांच्या आठवणीत आहे. पण या नाटकाने त्याच्याही पुढची गोष्ट दाखवली. जुलूम करणारा एकटा नसतो, त्याच्यापुढे उभी राहणारी गाती, डुलती रांग असते. ती रांग बाजूला झाली तर नाना उघडा पडतो. ही गोष्ट भाषणातून सांगायला तास लागला असता. या नाटकाने ती डोळ्यांना दाखवली.

नाना आणि मारुती कांबळे

आता आमच्या वाचकांना ही जोडी विशेष जवळची का वाटावी, ते पाहू.

१९७५ साली जब्बार पटेल यांनी ‘सामना’ हा चित्रपट केला. लेखन पुन्हा तेंडुलकरांचेच. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील झाले निळू फुले, गावात वाट चुकून आलेले मास्तर झाले डॉ. श्रीराम लागू. या दोघांच्या सामन्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण सारा चित्रपट ज्या एका नावाभोवती फिरतो ते नाव आहे मारुती कांबळे. सैन्यातून परत आलेला, ताठ मानेने जगणारा आणि मग एकाएकी नाहीसा झालेला माणूस. त्याचे पुढे काय झाले, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणीच बोलत नाही. मास्तर तो प्रश्न विचारतो आणि हिंदुरावाच्या साम्राज्याला तडा जातो.

हा मारुती कांबळे कुणी उभा केला? मोहन आगाशे यांनीच.

म्हणजे बघा, १९७२ साली ज्या नटाने पेशवाईची सत्ता अंगावर घेतली, त्याच नटाने तीन वर्षांत सत्तेखाली चिरडला गेलेला माणूसही अंगावर घेतला. दोन्ही वेळा दिग्दर्शक तोच. एकाच चेहऱ्यावर जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा, दोघेही दिसू शकतात, हे या दिग्दर्शकाने ओळखले होते. या जोडीचे मोठेपण यात आहे.

पुढे १९७७ साली ‘जैत रे जैत’ आला. त्यात आगाशे यांनी ठाकर समाजातला नाग्या उभा केला. त्यांच्यासोबत स्मिता पाटील होत्या, गीते ना. धों. महानोरांची होती. ज्या कादंबरीवर हा चित्रपट आहे, तिचे लेखक गो. नी. दांडेकर आपल्या मावळातल्या तळेगाव दाभाडे इथे राहत. डोंगरातल्या माणसाचे दैव, त्याची श्रद्धा आणि त्याने दैवाशी मांडलेला झगडा हा त्या कथेचा विषय. नाना, मारुती, नाग्या या तीन माणसांत एकमेकांचे काहीही मिळतजुळत नाही, तरी तिन्ही एकाच जोडीने आपल्याला दिली.

यानंतर जब्बार पटेल यांनी आपल्या समाजाशी असलेले नाते अधिक घट्ट केले. १९९४ साली त्यांनी ‘मुक्ता’ केला. त्यात उच्चवर्णीय घरातली मुलगी आणि दलित कवी-कार्यकर्ता यांच्या प्रेमाची कथा आहे. आणि मग आला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. मामुट्टी यांनी केलेली बाबासाहेबांची भूमिका आणि त्यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. या चित्रपटाच्या लेखनात दया पवार यांचा हात होता. १४ एप्रिलला कितीतरी वस्त्यांत पडदा बांधून हा चित्रपट दाखवला जातो. रमाईच्या मरणाचा प्रसंग आला की बायका पदर डोळ्यांना लावतात. ज्या माणसाने हे काम केले, त्याने रंगमंचावर परत यावे असे आपल्या माणसाला वाटले तर त्यात नवल काय?

जोडी तुटते कशी, जुळते कशी

नट आणि दिग्दर्शक दुरावले की प्रेक्षक लगेच भांडणाच्या गोष्टी रचतो. मानधनावरून बिनसले, मोठेपणावरून बिनसले, असे काहीबाही बोलले जाते. पण पुष्कळदा कारण साधे असते. दिग्दर्शक चित्रपटाकडे वळतो, नटाला नोकरीची जबाबदारी असते, संस्थेतली माणसे पांगतात, तालमीला जागा राहत नाही. जब्बार पटेल चित्रपटात रमले. आगाशे यांनी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात मोठे काम केले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालकपद सांभाळले आणि जर्मनीतली ‘ग्रिप्स’ ही मुलांच्या नाटकांची चळवळ पुण्यात रुजवली. दोघेही रिकामे बसले नाहीत. वाटा वेगळ्या झाल्या, एवढेच.

परंतु वाटा वेगळ्या झाल्यावर पुन्हा एक होतात, याचा दाखला ‘घाशीराम’च्याच इतिहासात आहे. अवघे १९ प्रयोग झाल्यावर हे नाटक बंद पडले. नाटक ब्राह्मणांच्या विरोधी आहे, इतिहासाची बदनामी करणारे आहे, असा गदारोळ उठला आणि ज्या संस्थेने ते उभे केले होते त्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननेच प्रयोग थांबवले. ज्यांनी ते पाहिले नव्हते त्यांना वाटले, आता हे कधीच पाहायला मिळणार नाही.

मग काय झाले? दिग्दर्शक एकटा घरी बसला नाही आणि नटांनी दुसरे नाटक शोधले नाही. कलावंत संस्थेतून बाहेर पडले आणि २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढली. जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. तोच दिग्दर्शक, तोच नाना. १९८० साली हे नाटक युरोपात गेले. तेव्हाही विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत पोचले, पण दौरा झाला. सुमारे वीस वर्षे हे नाटक चालत राहिले.

यातून घेण्यासारखे एक आहे. त्या वेळी जोडी टिकली ती दोन मोठ्या माणसांच्या मैत्रीमुळे नव्हे, तर मागे उभ्या राहिलेल्या अख्ख्या संचामुळे. रांगेत उभे राहणारे, गाणारे, ढोलकीवाले, प्रकाशयोजना सांभाळणारे, तिकीटबारीवर बसणारे, सगळे बरोबर चालले म्हणून नाटक परत आले. आज आपण दोघांनी एकत्र यावे असे म्हणतो, तेव्हा या बाकीच्यांची व्यवस्था कोण करणार, हाही विचार करायला हवा.

आमचा नट कुठे आहे?

इथे आमचा तरुण वाचक एक प्रश्न विचारील आणि तो त्याने विचारलाच पाहिजे. आमच्या दुःखाची भूमिका दरवेळी दुसऱ्यानेच का करावी? मारुती कांबळे करायला वस्तीतला पोरगा का नव्हता? थोरामोठ्यांच्या परत येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपण आपले नाटक का करू नये?

प्रश्न रास्त आहे. आपल्याला रंगमंच नवा नाही. बाबासाहेबांच्या चळवळीच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे काढले आणि निरक्षर माणसापर्यंत विचार पोचवला. प्रेमानंद गज्वी यांनी ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेत पाण्याच्या एका घोटावरून सारी जातव्यवस्था उभी केली. त्यांचे ‘किरवंत’ हे नाटक डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणले. दत्ता भगतांनी ‘वाटा पळवाटा’मध्ये आपल्याच चळवळीला आरसा दाखवला. २०१२ साली आलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ तर जालन्याकडच्या ग्रामीण कलावंतांनी गाजवले. लेखन राजकुमार तांगडे यांचे, गाणी संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. खेड्यातली पोरे मोठ्या शहरांतली नाट्यगृहे भरवू शकतात, हे त्या नाटकाने सिद्ध केले.

तेव्हा आम्हाला असे वाटत नाही की जुनी जोडी आली म्हणजे नव्यांनी मागे सरावे. उलट ती यावी ती नव्यांना बरोबर घेऊन. मुख्य भूमिकेत आगाशे असोत, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे असो, लेखणी आपल्यातल्या एखाद्या नाटककाराची असो आणि माणसांच्या त्या भिंतीत मावळातली, मराठवाड्यातली, विदर्भातली आपली पोरेपोरी उभी राहोत. कसलेल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली तीन महिने तालीम केलेला पोरगा जन्मभराची शिदोरी घेऊन जातो.

असे घडणे अशक्य आहे का? नाट्यसंमेलनाकडेच पाहा. २०१९ साली नागपूरला ९९वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन झाले, त्याचे अध्यक्ष प्रेमानंद गज्वी होते. त्यानंतरचे शंभरावे संमेलन जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला भरले, त्याचे अध्यक्ष डॉ. जब्बार पटेल होते. ‘घोटभर पाणी’ लिहिणारा नाटककार आणि ‘घाशीराम’ बसवणारा दिग्दर्शक एकामागून एक त्याच खुर्चीवर बसले. खुर्चीवर जे घडले ते रंगमंचावरही घडावे, एवढेच आमचे मागणे आहे.

मात्र घाई केली पाहिजे. विजय तेंडुलकर २००८ साली गेले. निळूभाऊ २००९ साली गेले. डॉ. लागू २०१९ साली गेले. ‘सामना’मधला हिंदुराव आणि मास्तर आता पुन्हा समोरासमोर येणार नाहीत. जब्बार पटेलांनी ऐंशी ओलांडली आहे, आगाशे यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणण्याची ही वेळ नव्हे.

नुसती वाट पाहून काय होणार?

प्रेक्षकाच्या हाती काय असते? आपण पत्र लिहू शकतो, पण पत्राने नाटक उभे राहत नाही. निर्मात्याला हिशेब लागतो. नाट्यगृहाचे भाडे, संचाची गाडी, नेपथ्य, प्रकाश, ध्वनी आणि प्रत्येक कलावंताची नाइट, एवढे सगळे एका प्रयोगात निघावे लागते. संच मोठा असला की खर्च वाढतो, म्हणून निर्माते चार पात्रांचे नाटक पसंत करतात. मोठ्या संचाचे नाटक हवे असेल तर मोठ्या संख्येने प्रेक्षक हवेत आणि ते आधीपासून ठरलेले हवेत.

याला नाटकवाल्यांचा जुना शब्द आहे, कंत्राटी प्रयोग. एखादे मंडळ निर्मात्याला ठरलेली रक्कम देते आणि तिकिटे स्वतः खपवते. आपल्या मंडळांना हे जमणार नाही का? मळवलीपासून कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, देहूरोडपर्यंत प्रत्येक स्टेशनाभोवती आपल्या वस्त्या आहेत, विहारे आहेत, महिला बचत गट आहेत, भिशी चालवणाऱ्या ताया आहेत. जयंतीच्या वर्गणीतला छोटा वाटा बाजूला काढला, दहा विहारांनी मिळून चिंचवडचे नाट्यगृह एका दुपारसाठी घेतले, तर खुर्च्या रिकाम्या राहायचे कारण नाही. प्रयोग दुपारचाच असावा. बायका-मुलांना घेऊन जाता येते आणि लोकलने उजेडात घरी परतता येते. एवढी तयारी आहे असे दिसले तर कुठलाही निर्माता आपले म्हणणे कान देऊन ऐकेल.

आपण मळवलीकर हे काम दुसऱ्या कुणापेक्षा चांगले समजू शकतो, कारण त्याचा धडा आपल्या डोळ्यांसमोर दगडात कोरलेला आहे. कार्ल्याचे चैत्यगृह एका राजाच्या पैशाने उभे राहिलेले नाही. त्याच्या खांबांवर दानाचे लेख आहेत. एक खांब एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. धेनुकाकट नावाच्या गावातल्या यवनांनी खांब दिले. तिथल्याच सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले, त्याचाही लेख आहे. म्हणजे सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले. भाज्याच्या लेण्यात तर नर्तकी आहे आणि तिच्या शेजारी तालवाद्य वाजवणारी स्त्री आहे. नाचगाणे हलके मानणाऱ्यांनी एकदा भाज्याच्या पायऱ्या चढून ते शिल्प पाहून यावे.

एकेकाने एकेक खांब दिला म्हणून एवढे मोठे काम उभे राहिले. नाटकाचेही तसेच आहे. एका घराने दोन तिकिटे घ्यायची, एका वस्तीने एक रांग भरायची, एका विहाराने एका पोराच्या तालमीचा प्रवासखर्च उचलायचा. हा आपला खांब.

आणखी एक काम आजच करता येईल. आपल्या मुलांना ‘सामना’ दाखवा. त्यांना मारुती कांबळे कोण होता ते विचारा. मग सांगा की हाच नट एकेकाळी नाना फडणवीस होत असे. दोन्ही माणसे एकाच नटात कशी मावली, असे मूल विचारील. त्याचे उत्तर घरात बसून देता येत नाही, ते नाट्यगृहात तिसरी घंटा झाल्यावर मिळते. ते उत्तर आपल्या मुलांना या दोघांच्याच हातून मिळावे. येत्या वर्षाच्या जयंतीच्या बैठकीत हा विषय निघाला पाहिजे आणि वहीत पहिले नाव कुणाचे तरी पडले पाहिजे.